कॅलेंडुलाचं तेल दर वर्षी बिघडतंय? ओल कुठे लपते ते आधी शोधा

सलग तीन वर्षं मी फेब्रुवारीत कॅलेंडुलाचं तेल घातलं, म्हणजे झेंडूसारखी दिसणारी ही केशरी फुलं वाळवून तेलात मुरवली, आणि एप्रिल संपायच्या आत ते तेल टाकून दिलं. पहिल्या वर्षी वर तरंगणाऱ्या फुलांवर राखाडी केस आले. दुसऱ्या वर्षी बुरशी दिसली नाही, पण झाकण फिरवताना फस्स आवाज झाला आणि आंबूस वास सुटला. तिसऱ्या वर्षी बरणी उकळत्या पाण्यातून काढली, उन्हात तापवली, तेलात ई जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल फोडून घातल्या. तरी तळाशी गढूळ पाण्याचा थर बसलाच.

चौथ्या वर्षापासून तेल टिकतंय. तेल तेच, बरणी तीच. बदलली ती फुलं वाळवायची रीत, आणि त्यासाठी बी पेरायची वेळही बदलावी लागली. गोव्यात हे झाड लावणाऱ्या बऱ्याच जणी मला हीच तक्रार सांगतात आणि बहुतेक वेळा दोष तेलाला देतात. तेल बदलून हा प्रश्न सुटत नाही. आपल्या हवेत ओल तीन-चार ठिकाणी लपून बसते, ती एकेक करून काढावी लागते.

त्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्या. पहिली म्हणजे तेल खरंच बिघडलंय का? खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबर-जानेवारीत सत्तरी, सांगे, केपे भागात पहाटे पारा त्याच्या खाली जातो आणि बरणीत पांढऱ्या गुठळ्या दिसायला लागतात. त्या बुरशी समजून चांगलं तेल फेकलेलं मी पाहिलंय. बरणी हातांच्या ओंजळीत दहा मिनिटं धरा किंवा कोमट पाण्यात ठेवा. गुठळी विरघळली तर काही झालेलं नाही. तळाशी केशरी भुकटी बसली असेल तर तो पराग आणि पाकळ्यांचा चुरा असतो, त्यानेही बिघडत नाही. जुन्या रंगखडूसारखा वास येत असेल तर तेल खवट झालंय, म्हणजे त्याला उजेड आणि उष्णता लागली. वर केस, झाकणाशी फसफस, आंबट वास किंवा तळाशी पाण्याचा वेगळा थर, यांतलं काहीही दिसलं तर कारण एकच, पाणी. ई जीवनसत्त्व खवटपणा लांबवतं, बुरशीला अडवत नाही. तिसऱ्या वर्षी माझी चूक झाली ती इथेच.

बुरशी आलेलं तेल उकळून गाळून वापरू नका. उकळल्याने बुरशी मरेल, पण तिने तेलात सोडलेलं तेलातच राहतं. ते अंगाला लावायचं नाही, टाकून द्यायचं.

दुसरी खात्री फुलाची. आमच्या शेजारच्या काकी कुंडीपाशी येऊन दर वर्षी विचारतात, "हीं रोजां न्हय?" रंग तसाच असल्यामुळे प्रश्न बरोबर आहे. पण दसऱ्या-दिवाळीला दाराला लागतात ती रोजां, म्हणजे आपला झेंडू, मूळ मेक्सिकोकडचा. कॅलेंडुला भूमध्य समुद्राच्या काठचा. दोघं एका कुळातले असले तरी गुण वेगळे. झेंडूचं पान कातरलेलं आणि उग्र वासाचं असतं. कॅलेंडुलाचं पान अखंड, लांबट, थोडं लवदार आणि हाताला चिकट लागतं. बी पाहिलं तर शंकाच उरत नाही. झेंडूचं बी काळ्या-पांढऱ्या सुईसारखं सरळ, कॅलेंडुलाचं खेकड्याच्या नांगीसारखं वाकडं आणि खरबरीत. बाजारातून आणलेल्या हारातली फुलं तर तेलात मुळीच घालू नका. ती झेंडूची असतात आणि त्यांच्यावर काय फवारलंय ते आपल्याला माहीत नसतं.

फूल वाळलंय असं वाटतं, तेव्हा ते वाळलेलं नसतं

वाळवण आपल्या घरांना काही नवीन नाही. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, दिवसांत मिरच्या, सोलां, आंब्याची साटं, सगळं अंगणात पसरतो. पण तो एप्रिल-मेचा कडक उन्हाळा, आणि वस्तू थेट उन्हात. कॅलेंडुला फुलतो जानेवारीत, आणि त्याला कडक ऊन दिलं तर रंग उडतो. म्हणून तो सावलीत वाळवायचा. जानेवारीत आपल्याकडे दिवसा हवा कोरडी वाटते खरी, पण रात्रभर तारेवर राहिलेले कपडे सकाळी नऊपर्यंत ओलसर लागतात. दिवसभर सुकलेलं फूल तीच ओल रात्री पुन्हा पिऊन घेतं.

मिरची हलवली की खुळखुळते आणि वाळल्याचं कळतं. कॅलेंडुला इथे फसवतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाकळ्या कागदासारख्या कुरकुरीत होतात, टोपलीत हात घातला की छान सळसळतात. पण पाकळ्या जिच्यात बसलेल्या असतात ती खालची हिरवी वाटी आतून ओलीच असते. ती जाड, मांसल आणि चिकट असल्यामुळे तिच्यातलं पाणी सगळ्यांत शेवटी निघतं. ते फूल तेलात गेलं की पाणी तेलात उतरतं आणि तळाशी बसतं.

म्हणून फूल हातात घेऊन हिरवी वाटी दोन नखांमध्ये धरून मोडा. कट् आवाज होऊन तुकडा पडला तर वाळलं. वाकली, चेपली, चामड्यासारखी ताणली गेली तर अजून नाही. एकच फूल तपासू नका. टोपलीतली सगळ्यांत मोठी, जाड अशी पाच-सहा निवडून मोडा.

त्याहून भरवशाचं साधन म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. माझ्या एका खेपेला १२० ग्रॅम ताजी फुलं होती. पाचव्या दिवशी ती २४ ग्रॅम भरली. पूर्वी मी इथेच थांबायची, कारण हाताला ती पूर्ण वाळलेली लागत होती. त्या वेळी थांबले नाही आणि नवव्या दिवशी वजन १७ ग्रॅमवर येऊन स्थिर झालं. मधले ७ ग्रॅम म्हणजे जवळजवळ दीड चमचा पाणी. तीन वर्षं तेवढं पाणी मी स्वतःच्या हाताने बरणीत ओतत होते. वजन सलग दोन दिवस तेवढंच राहिलं की मगच पुढे जायचं.

वाळवायला सूप किंवा जाळीची चाळण घ्या. फुलं एका थरात, एकमेकांना न लागतील अशी आणि तोंड खाली करून पसरा, म्हणजे जाड वाटीला वरून वारा लागतो. सूप लादीवर ठेवू नका, खुर्चीवर किंवा दोरीला टांगून ठेवा. जुन्या घरांत तर जमिनीतून ओल चढते. पहिले तीन दिवस फुलं खोलीत पंख्याखाली उघडीच ठेवायची. तेव्हा डब्यात कोंडलीत तर त्यांना घाम फुटेल. चौथ्या दिवसापासून उलटं करायचं. दिवेलागणीला फुलं घट्ट झाकणाच्या डब्यात भरायची आणि सकाळी दहानंतर, दव सुकल्यावर, पुन्हा पसरायची. एवढ्या एका सवयीने माझे तीन दिवस वाचले.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना फ्रिजचा माथा उपयोगी पडतो. तिथे दिवसरात्र सौम्य ऊब असते. डिहायड्रेटर असेल तर ४० अंशांच्या आसपास ठेवा, त्याहून वर नको. सत्तरीत माझ्या मावशीकडे अजून चूल आहे. तिने चुलीवरच्या माळ्यावर फुलं वाळवून पाहिली. वाळली उत्तम, मात्र धुराचा वास त्यांत कायमचा बसला.

माझी नणंद मिरामारला समुद्रासमोर राहते. तिचा फोन आला, "वहिनी, बारा दिवस झाले, अजून वाटी वाकतेच आहे." समुद्राच्या किंवा नदीच्या अगदी काठावर असं होणारच. मी तिला सांगितलं, हट्ट सोड आणि नुसत्या पाकळ्या उपटून वाळव. त्या दोन-तीन दिवसांत होतात. फुलाचा चिकट राळेसारखा अंश हिरव्या वाटीत जास्त असतो, तो हुकतो, हे खरं. पण अर्धवट वाळलेल्या अख्ख्या फुलापेक्षा पूर्ण वाळलेली पाकळी कधीही बरी. पहिल्यांदाच तेल करणारीनेही पाकळ्यांपासूनच सुरुवात करावी असं माझं मत आहे.

शेवटची एक चाचणी कितीही घाई असली तरी चुकवू नका. वाळलेली फुलं काचेच्या बरणीत अर्धीच भरा, झाकण घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. काचेला आतून धुकं आलं किंवा फुलं मऊ पडली तर परत सुपात.

खुडायची वेळ

आपल्याकडे फुलं खुडायची ती पहाटे, आंघोळ करून, देवासाठी. हात त्याच वेळी कुंडीकडे वळतो. पण कॅलेंडुला संध्याकाळी मिटतो आणि ऊन चढल्यावर उघडतो. पहाटेच्या मिटलेल्या फुलात दव अडकलेलं असतं. देवाला ते जरूर वाहा, तेलासाठी मात्र साडेदहानंतर पूर्ण उमललेलं फूल घ्या. ढगाळ दिवशी फुलं अर्धवट मिटलेलीच राहतात, त्या दिवशी खुडू नका. फुलं धुवायची नाहीत. कागदावर आपटून किडे-मुंग्या झाडल्या की पुरे. बोटांना चिकटा लागला तर तो फुलाचा चांगला गुण समजा. तो साबणाने निघत नाही, आधी थेंबभर तेल चोळा.

दुसरी चूक कोणाच्या लक्षातच येत नाही. झाडं दोन-तीनच असली की रोज चार-पाच फुलं मिळतात आणि ती आपण कालच्याच सुपात टाकतो. आजचं ओलं फूल कालच्या अर्ध्या वाळलेल्या फुलाला पुन्हा ओलं करतं, आणि नेमकं काय वाळलंय ते शेवटी कळतच नाही. रोजचा वाटा वेगळ्या कागदावर, तारीख लिहून ठेवा. त्याहून बरं म्हणजे झाडंच जास्त लावा. दहा-बारा झाडं असली तर एका दिवशी एका बरणीपुरती फुलं मिळतात.

आणि झाडंच जगत नसतील तर

हे बहुतेकींचं दुखणं आहे. चवथ झाली की भाजीच्या बियांबरोबर कॅलेंडुलाही पेरला जातो. रोपं उगवतात, दोन पानांची होतात आणि एका सकाळी जमिनीलगत देठ बारीक, तपकिरी होऊन आडवी पडलेली दिसतात. याला रोपांची मर म्हणतात. ओल्या, कोंदट मातीतल्या बुरशीमुळे ती होते. आडवं पडलेलं रोप उठत नाही, त्यावर औषध घालत बसू नका.

हे थंडीतलं झाड आहे. ऑक्टोबरचा उष्मा आणि मधेच कोसळणारा परतीचा पाऊस त्याला सोसत नाही. मी दिवाळी होऊ देते आणि तुळशीच्या लग्नाच्या सुमारास पेरते. पन्नास-साठ दिवसांत फुलं येतात, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, जेव्हा वाळवायला हवा सगळ्यांत चांगली असते. शिगम्यापर्यंत बहर चालतो. पुढे उष्मा वाढला की फुलं लहान होत जातात आणि झाड दमतं. तेव्हा पाणी-खत वाढवून त्याला ओढू नका, त्याचा काळ संपलेला असतो.

पावसाळाभर बाहेर राहिलेली कुंडीतली माती तशीच वापरू नका. ती ऑक्टोबरच्या उन्हात पारदर्शक प्लास्टिकखाली दोन-तीन आठवडे तापवा किंवा नवी भरा. माझं प्रमाण असं: दोन भाग चाळलेली माती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत, एक भाग जाड नदीची वाळू. समुद्राची वाळू चालत नाही, तिच्यात मीठ असतं. तळाशी नारळाच्या सोडणाचे तुकडे घाला आणि कुंडीखालची थाळी काढून टाका. आपली तांबडी जांभ्याची माती बहुधा आंबट असते आणि या झाडाला सौम्य आंबट ते उदासीन माती मानवते. चिमूटभर चुना किंवा चुलीची राख मिसळली तर बरं पडतं. मोठा वाफा करणार असाल तर आधी माती तपासून घ्या. त्यासाठी तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात चौकशी करा, किंवा जुन्या गोव्यात एला इथल्या केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेत.

बी सेंटीमीटरभर खोल पेरा आणि वरून माती लोटा. उजेडात ते नीट उगवत नाही. आठ ते चौदा दिवस लागतात. पुढे रोपांत वीतभराहून जास्त, पंचवीस-तीस सेंटीमीटर अंतर ठेवा. सकाळचं ऊन आणि दुपारची सावली मिळेल अशी घराची पूर्व बाजू उत्तम.

जानेवारीअखेर पानांवर पिठी भुरभुरल्यासारखे डाग येतात. तो भुरी रोग. गर्दी, सावली, गार रात्र आणि अडलेला वारा असला की तो हमखास येतो. पाणी सकाळी आणि मुळाशीच द्या, खालची पानं काढा. पहिला डाग दिसताच एक भाग दूध आणि नऊ भाग पाणी असं मिश्रण उन्हाच्या वेळी पानांवर फवारा, आठवड्याने पुन्हा. भुरी चढलेल्या झाडाचं फूल तेलात घालू नका. कळ्यांच्या मानेवर काळा-हिरवा मावा आला तर सकाळी पाण्याच्या धारेने उडवा. दर आठवड्याला जीवामृत किंवा युरिया देणाऱ्यांच्या झाडांवर मावा जास्त असतो, कारण पानं कोवळी आणि रसाळ होतात, आणि फुलं उलट कमी येतात.

तेल घालताना

बरणी धुऊन, पुसून, दिवसभर उन्हात उपडी ठेवा. घाण्यावरून ताजं आणलेलं खोबरेल आधी मंद आचेवर, बुडबुडे थांबेपर्यंत तापवून पूर्ण गार करा, कारण त्यातही थोडं पाणी असतं. नारळाच्या दुधापासून घरी काढलेल्या तेलात तर ते जास्तच. अर्धी बरणी फुलं घ्या आणि तेल फुलांच्या वर दोन बोटं येईल एवढं ओता. एकही पाकळी वर उघडी राहता कामा नये, केस तिथूनच उगवतात. आठवडाभर रोज बघा, कारण फुलं तेल पितात आणि पातळी खाली जाते.

बरणीच्या तोंडाला फडकं बांधा, ओल निघून जाईल, असा सल्ला बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतो. कोरड्या हवेच्या प्रदेशात तो ठीक असेल. आपल्याकडे फडक्यातून ओल आत येते. फुलं खरंच वाळलेली असतील तर झाकण घट्ट लावा आणि बरणी तपकिरी कागदात गुंडाळून उबदार जागी चार आठवडे ठेवा. घाई असेल तर पाण्याच्या पातेल्यात बरणी ठेवून मंद आचेवर तीन तास तापवता येतं, पण पातेल्याची वाफ बरणीत शिरू देऊ नका. ती वाफ म्हणजे पुन्हा पाणीच.

गाळताना आधी आपसूक गळेल ते तेल वेगळं काढा. फडकं पिळून निघणारं शेवटचं तेल दुसऱ्या बाटलीत भरा आणि तेच आधी वापरून संपवा, कारण चुरा आणि उरलीसुरली ओल त्यातच येते. छोट्या गडद बाटल्या भरा, एक वापरात, बाकी फ्रिजमध्ये. ओल्या हाताने बाटली उघडायची नाही. मी बेतानेच करते, मिरग लागायच्या आत संपेल एवढंच. मलम करायचं तर चार भाग तेलाला वजनाने एक भाग मधमाश्यांचं मेण घ्या. त्याहून कमी मेण घातलं तर मे महिन्यात मलम डबीतच पातळ होतं.

मी हे तेल टाचांच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना आणि भांडी घासून खरखरीत झालेल्या हातांना लावते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच चाचणीत, स्तनाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेणाऱ्या २५४ स्त्रियांपैकी कॅलेंडुलाचं मलम लावणाऱ्यांना त्वचेचा तीव्र दाह दुसऱ्या औषधाच्या तुलनेत कमी झाला होता. पण ते औषध म्हणून तयार केलेलं मलम होतं, घरातलं तेल नव्हे. त्यामुळे खोल, वाहत्या, पू झालेल्या जखमेवर आपलं तेल लावू नका, डॉक्टरांकडे जा. शेवंती, झेंडू, सूर्यफूल यांची ॲलर्जी असलेल्यांना याचीही होऊ शकते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. पाकळ्या भातात घातल्या तर रंग सुरेख येतो, केशराचा सुगंध मात्र नाही. गरोदरपणी पोटात घेऊ नका.

राहिलं बी. मार्चमध्ये दोन-तीन चांगली फुलं झाडावरच सुकू द्या आणि बी तपकिरी झाल्यावर काढा. ते कागदी पुडीत कपाटात ठेवलं तर आपल्या पावसाळ्यात मरतं. "नवं बी होतं तरी उगवलं नाही" ही तक्रार नोव्हेंबरात येते, तिचं मूळ जुलैमधल्या त्या कपाटात असतं. बी आठवडाभर सावलीत वाळवा, छोट्या काचेच्या बाटलीत भाजून गार केलेल्या तांदळाच्या पुरचुंडीसोबत भरा, झाकणावर तारीख चिकटवा आणि बाटली फ्रिजच्या दारात ठेवा. तुळशीच्या लग्नाआधी पाच बिया ओल्या फडक्यात गुंडाळून बघा. दहा दिवसांत तीन फुटल्या तर बाकीचं निर्धास्त पेरा.